पायाळूचा घोटा
आंबेहळद उगाळल्याचा वास आला की माझा उजवा घोटा ठणकतो आणि डोकं तापतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही देवळीला राहायचो. मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली, म्हणून कुणाचं काही मुरगळलं की माझी लाथ खायला सगळे आमच्याच दारात. त्या दिवशी पाय मुरगळलेली शेजारीण ओट्यावरून हाका मारत सुटली, म्हणून मी चुलीपुढून धावले आणि ओल्या सारवणावर घसरले. घोटा बघता बघता टम्म फुगला. आई आंबेहळद उगाळायला बसली, पण शेजारीण हलेना. "तुह्यं मंग पाहू! मी कवाची बसून राह्यली, मले आधी तीन लाथा मार." मी बसल्या बसल्या डावा पाय पुढे केला. "डावा नाई चालत, उजवाच पायजे!" वर आई म्हणाली, "मार वं, दारात आलेल्या माणसाले नाई म्हणतेत का?" मारल्या, तिसरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. महिन्यानं वर्ध्याचे डॉक्टर माझ्यावरच खेकसले, हाड मोडलेला पाय हलवलाच कशाला, आता वाकडंच जुळलंय. शेजारीण मात्र तिसऱ्याच दिवशी कापूस वेचायला गेली होती. आजही मी काठी टेकत, लंगडत निघाले की तिची सून नातवंडांना कौतुकानं दाखवते, "पाहा रे, हाच थो गुणाचा पाय!"