न खाल्लेल्या आंब्यांची गोडी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. ती गेली तेव्हा मनात आलं होतं, आता तरी कुणाला सांगून टाकावी — पण कुणाला? मुलं मला मान देतात, जुने विद्यार्थी वाटेत दिसले की वाकून नमस्कार करतात, आणि त्या नमस्काराची चटक वाईट असते. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

मी लोकल बोर्डाचा शाळामास्तर होतो. पाचोऱ्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात माझी पहिली महत्त्वाची नेमणूक झाली, आणि आज जे काही आहे ते त्या गावानं दिलं. पहिल्या वर्षी आम्हा नवराबायकोला घरी भाजी विकत आणावी लागल्याचं आठवत नाही. कुणी वांगी ठेवून जाई, कुणी शेंगा, कुणी नुसतंच दार वाजवून ताकाचं भांडं उंबऱ्यावर ठेवून पसार होई. यमुना म्हणायची, आपण मास्तर आहोत की देव? मी हसायचो. मला ते आवडायचं — हे सुद्धा लिहून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्या आवडीतूनच आलं.

पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना माझ्या खोलीत सावंत नावाचा एक कोकणातला मुलगा होता. पुढे तो रत्नागिरीकडे खाडीकाठच्या शाळेत मास्तर झाला. एकदा त्याचं पत्र आलं : माझ्या पोरांना काळी माती म्हणजे काय ते कळत नाही, डबाभर पाठव. मी पाठवली. उलट टपाली शिंपले आले आणि जांभ्या दगडाचा एक तुकडा. झालं — तिथून आमचा उद्योग सुरू झाला. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला तिकडची एक जोडी नेमून दिली. आम्ही कापसाची बोंडं पाठवली, ज्वारीचं कणीस पाठवलं. त्यांनी कोकम पाठवलं, ते आमच्या पोरांनी सुकलेलं मांस समजून हातात घ्यायला नकार दिला. एका पोरानं विचारून पाठवलं, तुमच्या समुद्रात पाणी कोण भरतं? तिकडून उत्तर आलं की आमच्यात मामलेदार भरतात. सावंत मिस्किल होता. त्या दोन-तीन वर्षांत वर्गाला जे हसू आलं, जे कुतूहल आलं, ते कुठल्याही क्रमिक पुस्तकानं आणलं नसतं. सावंताचे उपकार मी कधी फेडले नाहीत. उलट जे केलं ते ऐका.

थांबा, त्याआधी तुळसाबद्दल सांगायला हवं.

वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या. तुळसाच्या वडिलांना गाव नाना म्हणत असे. कापसाची बरी शेती, शब्दाचा पक्का माणूस. पोरीला शाळेत धाडा म्हणून मी त्यांच्या ओट्यावर कितीदा तरी जाऊन बसलो. एकदा त्यांनी विचारलं, "शाळामा तिले काय शिकाडशात?" मी तरुण होतो, बोलायला चटपटीत होतो. म्हटलं, "खरं बोलायला शिकवीन, नाना." त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी तुळसा पाटी घेऊन आली. किडकिडीत, तेल लावून चप्प बसवलेले केस, आणि प्रश्न विचारताना पापणी न लववणारी. कोकणात तिची जोडी होती सुभद्रा नावाची मुलगी. त्या दोघींचं काय गूळपीठ जमलं होतं म्हणता! सुभद्रानं तिला ओल्या वाळूत उमटलेल्या खेकड्याच्या पावलांचं चित्र काढून धाडलं होतं, ते तुळसानं घरी देवळीत लावलं होतं.

मग त्या वर्षी वैशाखात सावंतानं आंब्यांची पेटी पाठवली. हापूस. त्यांच्या पोरांनी घराघरांतून गोळा केलेले — कुणी एक, कुणी दोन. आगबोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं पाचोरा, तिथून बैलगाडीनं शाळा. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं की खाऊन झाल्यावर कसे लागले ते प्रत्येकानं आपापल्या जोडीदाराला कळवावं. आमच्याकडे आंबे नव्हते असं नाही. बांधाबांधावर रायवळ आंबे होते, तंतू दातांत अडकणारे. पण हापूस गावात कुणी पाहिलाही नव्हता. आंबे अजून कच्चट होते, म्हणून मी पेटी आतल्या खोलीत गवतात झाकून ठेवली. शाळा सकाळची होती. दिवसागणिक वास वाढत गेला. पोरं पाढे म्हणता म्हणता नाक वर करून हुंगत आणि आपसात खिदळत. त्या दिवसांत कुणी गैरहजर राहिलं नाही, तापात असलेला एक जण सुद्धा घोंगडी पांघरून आला.

आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळा तपासणारे, बढत्या ज्यांच्या हातात असत ते डिप्टीसाहेब पाचोऱ्याला बंगल्यात मुक्कामाला आले.

काय सांगू? त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. बदलीची टांगती तलवार नव्हती, घरी आजारपण नव्हतं. जळगावातल्या एका मोठ्या शाळेची हेडमास्तरची जागा रिकामी होणार असं कानावर आलं होतं, एवढंच. मला ती हवी होती. शाळा सुटली, उन्हानं गाव चिडीचूप झालं, तेव्हा मी उसनी सायकल आणली, पेटी मागे बांधली आणि ढकलत ढकलत पाचोऱ्याची वाट धरली. साहेबांच्या शिपायाच्या हाती पेटी दिली. साहेबांनी आतूनच "ठीक आहे" म्हटलं. दोन आंबे मी आधीच काढून घरी ठेवले होते. ते मी आणि यमुनानं खाल्ले. मुलांनी किती खाल्ले हो, असं तिनं विचारलं. पुष्कळ, असं मी सांगितलं.

सकाळी पोरं आली, आणि वास नव्हता. त्यांचे चेहरे मी तुम्हाला सांगणार नाही. मी सांगितलं की आंबे सडले, फेकावे लागले. सगळ्यांनी ते मानलं — गुरुजी सांगतात म्हणजे खरंच असणार. माझ्यावर इतका विश्वास त्यांचा! आणि मग मी आणखी एक शहाणपणा केला. कोकणातल्या पोरांनी किती हौसेनं पाठवले, सडले म्हणून कळवलं तर त्यांना वाईट वाटेल, तेव्हा आपण सगळ्यांनी लिहायचं की आंबे फार गोड होते. मी फळ्यावर शब्दसुद्धा लिहून दिले — रसाळ, केशरी, मधुर. पाट्यांवर लिहा, मी तपासतो, मग कागदावर उतरवा. सगळा वर्ग खाली मान घालून न खाल्लेल्या आंब्यांची गोडी लिहू लागला.

तुळसाच्या पाटीवर दोनच ओळी होत्या. आंबा आला. आंबा मी खाल्ला नाही.

मी म्हटलं, पुढचं लिही. ती म्हणाली, "मी आंबा खादा नही, गुरुजी. गोड शे का आंबट, मी कसं लिखू?" मी समजावलं, दटावलं. ती उभीच राहिली. मग वर्गाच्या मागच्या भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली की आंबे सडले असते तर माशा आल्या असत्या, वास आला असता. तिनं आरोप केला नव्हता. आंबा सडला की काय होतं हे शेतकऱ्याच्या पोरीला ठाऊक होतं, तेवढंच ती सांगत होती. मी माझ्या हातानं तिची पाटी पुसली आणि छडी घेतली.

पण माझी कबुली छडीची नाही. त्या काळी सगळेच मारत, मीही मारत असे. छडी कबूल करून मी सुटलो असतो तर फार स्वस्तात सुटलो असतो. कबुली पुढची आहे.

संध्याकाळी नाना आले. तुळसा त्यांच्या मागे, हात पदराखाली. मला वाटलं, आता हा माणूस भांडणार. तो भांडला नाही. ओट्याखाली वहाणा काढून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पोर सांगस, आंबा सडनाच नहीत. ती खोटं बोलनी व्हई तं आखो दोन छड्या मारा. पन खरं बोलनी व्हई तं माले सांगा."

एवढं सोपं केलं होतं त्यांनी माझ्यासाठी. एक वाक्य बोलायचं होतं. आत यमुना भाकऱ्या थापत होती, थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. तुळसा माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या नजरेत — वाट बघत होती, मी काय सांगतो याची.

मी म्हटलं, "खोटं बोलली, नाना."

नानांनी मान हलवली. पोरीला पुढे केलं, माझ्या पायावर डोकं ठेवायला लावलं. तिनं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी राहिली. शाळेत जाऊन पोर खोटं शिकली, असं नानांनी घरी सांगितल्याचं मला कळलं. ज्या ओट्यावर मी तिला शाळेत आणायला इतक्या खेपा घातल्या, त्या ओट्यावर तिला परत आणायला एकदाही गेलो नाही. कसा जाणार? परत बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सुभद्राची पत्रं येत राहिली — तुळसा का लिहीत नाही? शेवटी एका पोराकडून लिहवून घेतलं की तिचं लग्न झालं. तेव्हा झालं नव्हतं. पुढे दोन-तीन वर्षांत झालं.

आणि जळगावची जागा? डिप्टीसाहेबांचीच बदली झाली हो, महिन्याभरात. पेटीचा उपयोग त्यांच्या दातांना झाला असेल तेवढाच. आता हसू येतं, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

त्यानंतर मी वर्गात एक नियम केला : जे पाहिलं नाही, चाखलं नाही, हाताळलं नाही, त्याबद्दल अक्षर लिहायचं नाही. सावंताशी देवाणघेवाण त्यानंतरही बरीच वर्षं चालली, आणि पोरांनी लिहिलेलं वाचून लोक चकित होत. कापसाचं बोंड फुटताना बघायला माझा वर्ग पहाटे शेतात बसे. त्या नियमापायी माझं नाव झालं. पुढे हेडमास्तर झालो, धुळ्याला शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं, माझ्या हातचे विद्यार्थी चांगले निघाले, आणि म्हातारपणी पिंप्राळ्याला सुखानं राहतो आहे. मी त्या मुलांचा, त्या गावाचा फार ऋणी आहे. रोज सकाळी उठल्यावर ते मनात येतं. पण धुळ्याच्या सभेत कुणीतरी विचारलं होतं, हा नियम तुम्हाला कसा सुचला? मी म्हणालो, अनुभवातून. तो नियम तुळसाचा होता. तिनं दोन ओळींत लिहून दिला होता आणि मी पुसला होता. मला मास्तर कुणी केलं असेल तर त्या दोन ओळींनी, आणि हे मी कुठल्याही सभेत सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला पाचोऱ्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. झाडाखाली आंब्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेले. मी पुढे निघून गेलो असतो, पण तिनं हाक मारली. "गुरुजी ना?" मी तिला डोळ्यांवरून ओळखलं. तिनं यमुनाची चौकशी केली, गेल्याचं ऐकून हळहळली. नाना बोंडअळीच्या सालात गेले, असं म्हणाली. मुलगा शिकतो आहे, बांधावरचं झाड तिच्या सासऱ्यानं लावलेलं आहे, असं काय काय सांगत राहिली, आनंदानं. जुन्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. तेव्हा तरी सगळं सांगून टाकायला हवं होतं — मी आंब्यांचा भाव विचारला. मग टोपलीतला एक आंबा तिनं पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवला, खाच म्हणाली. मी तो घोळून चोखला. रायवळ, तंतू दातांत.

"गोड शे का, गुरुजी?"

"फार गोड आहे," मी म्हणालो.

ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, अगदी मनापासून हसली. "आंबट शे, गुरुजी. मी बठ्ठासले सांगीसनच इकस."

सगळ्यांना आधी सांगूनच विकते म्हणे! शेजारचे बाजारकरूही हसले. मीही हसलो. तिनं आणखी चार आंबे माझ्या पिशवीत घातले आणि घरच्यांना साखर घालून रस करायला सांगा म्हणाली.

तो आंबा मी तिच्यासमोर शेवटपर्यंत खाल्ला. आंबट होता. त्या वासाचे ते दुसरे आंबे, पेटीतले, फार गोड होते, मी एक खाल्ला होता, म्हणून सांगतो. आणि नाना, तुम्ही आता नाही, पण तुम्ही विचारलं होतंत. तुमची पोर खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोललो.