जुना कूलर कसा वाचवावा

आमच्या घरी पत्र्याचे कूलर बनतात. वडिलांनी सुरू केलं, मी पुढे चालवलं. नागपूरकराला कूलर समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: छातीपर्यंत उंच पत्र्याची पेटी, खाली पाण्याचा टप, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि आत विमान उडाल्यासारखा आवाज करणारा पंखा. होळी झाली की तो गच्चीवरून नाहीतर जिन्याखालून बाहेर निघतो. त्याचा गंज खरवडायचा, टपाला आतून डांबर फासायचं, ताट्यांत नवं गवत भरायचं आणि खिडकीला लावून द्यायचा. मग पावसाळ्यापर्यंत सगळं घर त्याच्यासमोर रांगेनं झोपतं. कोणी कुठं झोपायचं यावरून भांडणं होतात. ती भांडणं हाच आमच्या धंद्याचा पाया.

गेल्या काही वर्षांत हा पाया हलला. हप्त्यांवर एसी मिळू लागले. प्लॅस्टिकचे गोंडस कूलर खोक्यात बसून थेट दारात येऊ लागले. आमचे पत्र्याचे कूलर दुकानामागच्या खोलीत एकमेकांना खेटून उभे राहिले. लग्न न ठरलेली मुलं पाहुण्यांसमोर उभी राहतात तसे.

दुकान माझं आणि मोठ्या भावाचं, अर्धं अर्धं. भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, शांत आणि सरळ माणूस. इतका सरळ की त्याच्याशी भांडायला जागाच सापडत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी तो आला, स्टुलावर बसला आणि मागच्या खोलीकडे बघत म्हणाला, "बाबू, मोबाइलचे कव्हर विकणारा एक जण दुकान भाड्यानं मागून राहिला."

"आपलं दुकान?"

"मग काय समोरच्याचं? मी त्याले सीझन संपेपर्यंत थांबवलं. ही खोली खाली झाली तर दुकान तुझं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली तर शटरची चाबी मले दे."

यात अन्याय कुठं होता? मी शोधला, मला सापडला नाही. मी म्हणालो, "ठीक आहे."

घरी बायकोला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "जिंदगीभर गणपतीत नाटकं केली न तुम्ही? ते तोंड आता कामाले लावा. रील बनवा."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, हे कबूल करतो. दुकान वाचवण्याचा विचार मनात दुसरा आला. पहिला हा आला की राजाचा पोशाख अजून ट्रंकेत आहे.

पहिल्या रीलमध्ये मी राजा होतो. कूलरच्या मागून तलवार उपसत निघायचं, उन्हाला ललकारायचं आणि मग कूलरचं बटण दाबायचं, अशी कल्पना. बटण दाबलं आणि मिशी उडाली. ती सरळ ताटीवर जाऊन चिकटली. बायको इतकी हसली की मोबाइल हलला आणि राजा भूकंपात सापडल्यासारखा दिसला. तो रील मेहुणीनं पाहिला, शेजाऱ्यांनी पाहिला आणि उरलेल्या सगळ्या वेळा मीच पाहिला. दुसऱ्यात मी ज्योतिषी झालो, तिसऱ्यात नवरदेव. कूलर एकही हलला नाही.

मग एक दिवस एक गृहस्थ दुकानात आले. चेहऱ्यावर घोर अपमान.

"आमच्या घरी कोणी मासोळी शिवत नाही, अन् कूलरमधून मासोळीबाजाराचा वास येऊन राहिला. हे काय लफडं आहे?"

"गवत कधी बदललं?"

"बदलाचं कशाले? चांगलं आहे न."

बस. माझा तोल गेला. मी त्यांना टपातल्या शेवाळापासून पंपाच्या जाळीपर्यंत सगळं सुनावलं. ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची छिद्रं खराट्याच्या काडीनं कशी मोकळी करायची, ताटी कोरडी राहिली तर हवा गरम का येते, समोरची खिडकी उघडी का ठेवायची. शेवटी ओरडलो, "खिडकी बंद करून कूलर लावता, अन् मग म्हणता घरात चिकचिक होऊन राहिली! अरे बाबा, आलेल्या हवेला जायला दरवाजा तर दे! पाहुणी आहे का ती, मुक्काम करायला?"

बायको आत बसून हे सगळं मोबाइलवर टिपत होती. तिनं मला न विचारता ते टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो, तर फोन टेबलावर थरथरत सरकत चालला होता. लोक पाहत होते, एकमेकांना पाठवत होते, खाली लिहीत होते. काटोलहून एकानं विचारलं, "काका, आमचा टप गळून राहिला, त्याले काय करू?" मी उत्तराचा रील केला. पारशिवनीहून एक बाई म्हणाल्या, पंखा रात्रभर खडखड करतो. मी पुन्हा रील केला: पंख्याच्या खालचं रबर बदला, काहून उगाच मोटर फेकता? शॉक लागतो म्हणणाऱ्यासाठी केला, पाणी उडतं म्हणणाऱ्यासाठी केला. आता राजा नको, मिशी नको. मी जसा आहे तसाच, बनियनवर, हातात पाना. आणि लोक वेडे झाले.

काय सांगू ती मजा! पेट्रोलपंपावर लोक गाडीतून उतरून हात मिळवत. एका लग्नात मी नवरानवरीला आहेर द्यायला रांगेत उभा होतो, तर मुलीचे वडील मला हाताला धरून हॉलच्या कोपऱ्यातल्या कूलरपाशी घेऊन गेले. एका तेरवीच्या जेवणात शेजारच्या पानावरचा माणूस डोळे पुसत पुसत कानाशी आला आणि म्हणाला, "दादा, वेळ नाही ही, पण पंप गरम होते." मी भात कालवता कालवता इलाज सांगितला. जन्मभर ज्या टाळ्यांसाठी मी खोट्या मिशा लावल्या, त्या टाळ्या पन्हळीची छिद्रं मोकळी करून मिळाल्या.

आणि मागची खोली जशीच्या तशी भरलेली.

हे लक्षात यायला मला एप्रिल उजाडला. एक जोडपं आलं, नवीन संसार, मिहानमधल्या कंपन्यांत दोघंही नोकरीला. त्यांनी कूलर हात लावून पाहिला, पत्रा वाजवून पाहिला. मुलगी म्हणाली, "हाच घेऊ." मी मनात खोलीतला एक कूलर कमीही करून टाकला. तेवढ्यात गवत घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक मध्ये पडलं. पाठीवर घाम, चेहऱ्यावर परोपकार.

"घरी जुना नाही का गा?"

"आहे, सासऱ्यांकडं. पण तो बंद पडला," मुलगा म्हणाला.

"बंद नसते पडत तो! हे पाहा." त्यानं मोबाइल काढला. आणि माझ्याच दुकानात, माझ्याच कूलरवर टेकवलेल्या मोबाइलमधून माझाच आवाज आला: "मोटर फिरत नाही म्हणून कूलर मेला समजू नका! आधी कंडेन्सर बदला. एवढीशी डबी आहे ती, अन् तिच्यापायी तुम्ही घरचं माणूस भंगारात देता?"

मी रीलमध्ये फार सुंदर बोलत होतो. मला स्वतःलाच पटलं. जोडप्याला तर पटलंच. मुलीनं मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "काका, हे तुम्हीच?" मी मान हलवली. नाही म्हणता आलं असतं का? दोघांनी माझ्यासोबत फोटो काढला, कंडेन्सर घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेले. परोपकारी गृहस्थ गवत काखेत मारून म्हणाले, "कसं वाचवलं त्यांले!"

बायको आतून सगळं पाहत होती. "लोक पाहून राहिले, घेऊन नाही राहिले," ती म्हणाली. "तुम्ही अख्ख्या नागपूरचे जुने कूलर उठवून बसवले. आता नवीन कोण घेईल?"

"मग काय करू?"

"उलटा रील करा. जुना फेका, नवा घ्या. बस, एवढंच म्हणा. दोन वाक्यं."

दुकानासमोर नवा कूलर उभा केला. मी धुतलेला शर्ट घातला. बायकोनं मोबाइल धरला आणि बोटानं इशारा केला.

"नमस्कार मंडळी! तुमचा जुना कूलर आता फेकून द्या..." मी थांबलो. समोर मोबाइलची काच होती, पण मला तिच्यात एक पत्र्याची पेटी दिसू लागली, पाय गंजलेली, रंग उडालेली. "...पण फेकायच्या आधी एकदा पंप काढून पाहा."

"कट," बायको म्हणाली. "पुन्हा."

"मंडळी! जुन्या कूलरचा पत्रा सडला असेल तर तो फेकून द्या. अर्थात, नुसता तळ सडला असेल तर डांबर..."

"अहो!"

"बरं बरं. मंडळी! जुना कूलर घरात ठेवू नका. भंगारवाल्याला द्या. त्यातली मोटर मात्र काढून घ्या, ती कधी कामाला..."

तिनं मोबाइल खाली केला. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, डॉक्टर पेशंटच्या घरच्यांकडे पाहतात तशी. "तुम्हांले दुकान नाही पाहिजे का?" तिनं हळूच विचारलं.

पाहिजे होतं. देवाशपथ पाहिजे होतं. त्या दुकानाच्या फरशीवर मी पत्रा कापायला शिकलो. दुपारी तिथला अर्धा अंधार, गवताचा ओला वास, बाहेरच्या उन्हात पांढरा झालेला रस्ता, यांच्याशिवाय मला उन्हाळा कसा घालवायचा ते माहीत नाही. पण आपण बनवलेली वस्तू फेका, असं आपल्याच तोंडानं सांगायचं कसं? जुने म्हणून जे कूलर लोक मला दाखवत होते, त्यांतले निम्मे माझ्या किंवा वडिलांच्या हातचे होते. जाड पत्र्याचे. ते मरणार नाहीत असेच आम्ही बनवले होते. आता ते मरत नाहीत म्हणून रडायचं कोणाजवळ?

नवतपा सुरू झाला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. ऊन असं की कुत्री नालीत बसून राहत आणि गाडीच्या सीटवर बसायला माणूस दोनदा विचार करी. आमच्या धंद्याचे हेच सोन्याचे दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी पंप आणला होता, कोणी मोटर, कोणी तर अख्खा कूलर टेम्पोत घालून. गवत विकलं गेलं, पंप विकले गेले. गर्दी पाहून समोरचा रसवाला म्हणाला, "तुमचं तर नशीब उघडलं गा!" मी हसून हात हलवला. हात हलवण्यापलीकडे काय करणार होतो?

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मी भावाला इतका आनंदलेला त्याच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता.

"बाबू, तुया व्हिडिओ पाहून म्या आपल्या घरचा कूलर चालू केला! बाबांच्या हातचा आहे तो. पन्हळीत काडी घातली, गवत बदललं, अन् काय हवा मारून राहिला माहीत आहे? तुयी वहिनी चादर घेऊन झोपली!"

"वा," मी म्हणालो.

"खरं सांगू का? मी या रविवारी तुयाकडून नवा घेणार होतो. म्हटलं, सुरुवात घरातून व्हावी, लोक पाहतील. पण आता गरजच नाही राहिली."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पान्याला लागलेलं ग्रीस पुसत बसलो.

जून आला. भाऊ ठरल्याप्रमाणे आला, ठरल्याप्रमाणे मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. कूलर तसेच होते. एकदोन गेले होते, पण त्या गर्दीत ते गेल्याचं कळतही नव्हतं. त्याचा दोष नव्हता, माझाही नव्हता, आणि त्यामुळे ते फार वाईट वाटलं.

कूलर घरी आणले. आता आमच्या बैठकीत पाहुणा आला की त्याला दोन कूलरच्या मधून तिरपं होऊन सोफ्यापर्यंत जावं लागतं. एका कूलरवर बायकोनं टीव्ही ठेवला आहे.

शेवटच्या दिवशी दुकान रिकामं झालं तेव्हा इतकं मोठं दिसलं की मला त्याची ओळखच पटेना. बायको रिक्षा पाहायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी भावाच्या हातावर चाबी ठेवली. त्यानं ती खिशात घातली नाही, मुठीत धरून राहिला. मग वर हात करून त्यानं शटर ओढलं. ते अर्ध्यावर येऊन अडलं. आमचं शटर अडतंच, वडिलांच्या काळापासून. त्यानं जोर लावला. शटर हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. पासष्टीच्या घरातला माणूस, इस्त्रीचा शर्ट, मानेवर घाम.

मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. ठरवलंच होतं, या एका गोष्टीत तोंड उघडायचं नाही. लोंबकळू दे. संध्याकाळपर्यंत लोंबकळू दे.

भावानं वळून पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"भाऊ," मी म्हणालो, "ओढू नको तसं. उजव्या बाजूच्या पट्टीवर खाली हलकीशी लाथ मार, थोडं वर उचल, मग सोड."

त्यानं लाथ मारली, उचललं, सोडलं. शटर एका दमात खाली आलं.

"आधी काहून नाही सांगितलं?" भाऊ घाम पुसत म्हणाला. मग कुलूप लावायला खाली वाकला, आणि मला म्हणाला, आता हे त्या कव्हरवाल्यालाही एकदा नीट दाखवून दे.

मी म्हणालो, दाखवतो.