पटावर एकवीस, वर्गात नऊ

जिंतूरच्या अलीकडं, जिथं एसटी दिवसातून दोनदाच येते, त्या गावात भुजंग गुरुजींनी अठरा वर्षं मास्तरकी केली. मास्तर लय असतात हो, पण ह्या माणसाची तऱ्हाच न्यारी. पोरांना म्हणायचा, "मला काय विचारता? शाळा तुमची हाय, तुमीच ठरवा." अन् पोरं ठरवायची बी! कोणता धडा आधी, कोणी कोणाला पाढे शिकवायचे, सगळं पोरांचं मंत्रिमंडळ बघायचं. मुख्यमंत्री पाचवीतली धम्मशीला, चांगुणाबाईची लेक. तिनं एकदा ग्रामसभेत उभं राहून सरपंच दत्तरावाला विचारलं, "शाळेचा हातपंप कधी दुरुस्त करता?" आठ दिवसांत पंप चालू! गुरुजींचे पाय महिनाभर जमिनीला लागले नाहीत.

दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, लेकराबाळांसकट. पोरं विसाच्या खाली गेली की शाळा बंद पडायची धास्ती. म्हणून गुरुजी गेलेल्या पोरांचीही हजेरी लावायचे अन् रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप घालायचे. खोटंच होतं ते, पण शाळा त्यावर जगत होती. पोरांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

यंदा मंत्रिमंडळानं ठरवलं, गेलेल्या सोबत्यांना परत आणायचं. अशा पोरांची गावातच राहायची-जेवायची सोय सरकार करतं, असं धम्मशीलेनं कुठंतरी वाचलं होतं. लगेच तालुक्याच्या साहेबांना अर्ज तयार. "पटावर एकवीस, वर्गात नऊ. बाराजण ऊसतोडीला गेले. त्यांची जेवायची सोय केली तर ते शिकतील." खाली नऊ सह्या.

गुरुजींनी वाचलं अन् कपाटाच्या कुलपाकडं बघितलं. म्हणाले, "आकडे गाळले तर?"

"सर, तुमीच म्हणता ना, आकडा नसलेला अर्ज म्हंजे मिठाविना वरण!"

बापड्या गुरुजींना वाटलं, तालुक्याला पोरांचे कागद वाचतंय कोण? जाऊ द्या. तिथंच घात झाला.

अर्ज वाचला गेला. साहेब आले, रजिस्टर उघडलं, पोरं मोजली. सोयीचं कुणी नावही काढलं नाही. गुरुजींना नोटीस आली, अन् शाळा चार किलोमीटरवरच्या शाळेत मिळवून टाकली. मधी नदी, वाटेला चिटपाखरू नाही. मुलं सायकलीवर जातील, पोरींना कोण धाडतंय? चांगुणाबाई हात जोडून म्हणाली, "गुरुजी, राग मानू नका. एकली पोर नदीपल्याड कशी धाडू? कापूस वेचायला संगं नेते." पोरांना धीट आपणच केलं अन् तोंडघशीही आपणच पाडलं, ह्या विचारानं गुरुजींना अन्न गोड लागेना.

शाळेला कुलूप लागायचं त्या दिवशी धम्मशीला नवा अर्ज घेऊन आली. अक्षर तेच, मोत्यासारखं. "आमची मोजण्यात चूक झाली. वर्गात रोज एकवीस मुलं असतात. आम्हांला माफ करावं आणि शाळा चालू ठेवावी." खाली नऊ सह्या.

"सर, आता बरोबर लिहिलंय ना?" तिनं विचारलं. "तुमची बी सही करा."

गुरुजींना तिच्याकडं बघवेना. त्यांनी खाली मान घातली अन् सही केली.