उत्तनच्या दुकानातली पेटती दोरी

लोक उत्तनला समुद्र बघायला जातात. मी पहिल्यांदा गेलो तो एक फॉर्म भरायला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही नुकतेच भाईंदरला केबिन रोडजवळ राहायला आलो होतो. ऑफिसातला मित्र पास्कल म्हणाला, "आईच्या दुकानाचा तंबाखूचा परवाना संपतोय आणि फी भलतीच वाढलीये. तू कागदपत्रांतला माणूस, रविवारी येतोस का?" असं कुणी म्हटलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढतो.

निघताना केबिन रोडवरच्या एका घाऊक विडीवाल्या शेठना नव्या फीबद्दल विचारलं. ते हसले. "अपने को क्या फरक पडता है? दो दिन के धंधे में निकल जाती है." गोदाम असो की घरातलं दुकान, फी सारखीच, हेही त्यांनीच सांगितलं.

स्टेशन ओलांडून पश्चिमेला आलं की उत्तनची बस. तिकीट तेव्हा दोन-तीन रुपये असेल. आता रिक्षा मिळतात, पण तुम्ही बसच घ्या आणि खिडकी पकडा. मुर्धे, राई, मोर्वा, मिठागरांतले पांढरे ढीग, आणि डोंगरी मागे पडली की वाळत्या बोंबलांचा वास. पहिल्यांदा नाक मुरडाल, परतताना पिशवीभर विकत घ्याल.

पास्कलची आई म्हणजे रोझी मावशी. घराच्या ओटीवर चार फळ्यांचं दुकान: चहापत्ती, साखर, साबण, मेणबत्त्या आणि विड्या. बाहेरच्या खांबाला काथ्याची जाड दोरी टांगलेली, तिचं टोक दिवसभर धुमसत असायचं. होडीवरची माणसं यायची, सुटी विडी घ्यायची, दोरीवर शिलगावायची आणि तिथेच गप्पा मारत उभी राहायची. मग त्यांना घरून सांगितलेली साखर आठवायची. मावशीचं दुकान चालायचं ते असं.

मी हिशेब मांडला. विड्यांवर वर्षभरात जे सुटायचं, ते सगळं नव्या फीतच जाणार होतं. "मावशी, परवाना सोडून द्या," मी म्हणालो.

"विडी न्हाय तर मानसं कशाला येतील? साबन काय, बाजारात पन हाय."

तरी मला शहाणपणा सुचलाच. "आणि ती दोरी काढा. तपासणीला कुणी आलं तर संशय घेईल."

मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. "दोरीला पन परवाना लागतो काय?"

मी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. दोरीचा कुठेच उल्लेख नव्हता.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि तळलेले ताजे बोंबील, तांदळाची भाकरी वाढायला आत गेली. तसे बोंबील मी पुन्हा कुठे खाल्लेले नाहीत.

संध्याकाळी किनाऱ्यावर हिंडून परतलो तेव्हा एक म्हातारा नाखवा विडी मागत होता. मावशी त्याला सांगत होती, "हाय तवर घे. मग तुझी तू आन. विस्तव हितंच हाय." तो दोरीवर विडी शिलगावून गेला. म्हणजे तिने परवाना सोडायचं ठरवलं होतं. कोरा फॉर्म खिशात घालून मी बसमध्ये बसलो. एका बाईचं दुकान आपण बुडवलं, असं सारखं वाटत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

चार महिने तिकडे जायचा धीर झाला नाही. शेवटी एका रविवारी एकटाच गेलो. विड्यांच्या फळीवर मेणबत्त्या आल्या होत्या. दोरीपाशी तिघं-चौघं उभे, प्रत्येकाच्या खिशात भाईंदरच्या बाजारातून आणलेलं विडीचं बंडल.

"आला बघा फॉर्मवाला!" मावशी ओरडली. मग हळूच म्हणाली, "धंदा कमी झालाय, खोटं कशाला बोलू? पन मानसं येतात."

तोच म्हातारा नाखवा पुढे झाला. पाव किलो साखर घेतली, एक काडेपेटी घेतली. काडेपेटी खिशात टाकली, विडी तोंडात धरली आणि शिलगावायला दोरीपाशी वाकला.

घरी आलो तर बायकोने शर्ट हुंगला. "विडी ओढायला लागलात की काय?"

"छे गं, काथ्याचा धूर आहे," मी म्हणालो आणि तिला त्या काडेपेटीची गोष्ट सांगितली. तिने शर्ट धुवायला न टाकता खुंटीला लावला.