वरच्या पट्टीवरचे नव्वद

नववी सोडून हैदराबादला आलो तेव्हा मला तारा जोडायला साधा डाख लावणंही येत नव्हतं. ज्यांनी दुकानात ठेवून घेतलं, सहा महिने स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं, त्या उस्तादांचे उपकार मी विसरणार नाही. काम टीव्हीचे डिजिटल ट्यूनर दुरुस्त करायचं. कॉम्प्युटरला ट्यूनर जोडला की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ट्यूनरची खबर आणणारा प्रोग्रॅम, दोन आकडे दाखवतो. वर सिग्नलची ताकद, खाली गुणवत्ता. उस्ताद म्हणायचे, "पहला नंबर मत देख. वो तो कचरा भी गिन लेता है." ताकद नव्वद असते आणि छत्री, म्हणजे छतावरची डिश, भलतीकडेच तोंड करून बसलेली असते. खाली शून्य, तर चित्रही शून्य. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावत असे.

आमचं घर गावाकडे, कोंढ्याजवळ. लकव्यानं बाबांचं उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. सुट्टीत मी न्हाणीच्या स्लॅबवर छत्री बसवून दिली. मग खाटेवरून टीव्ही पाहणं, एवढंच त्यांचं उरलं. शेतीचा कार्यक्रम लागला की त्यांचा डावा हात पांघरुणावर धान रोवल्यासारखा हलतो, असं माय फोनवर सांगायची.

कापणीच्या दिवसांत तिचा फोन आला.

"टीव्ही निळा पडला रे बाबू. काहीच दिसत नाही."

दुकानात गर्दी होती. एकजण काउंटरवर बोटं वाजवत उभा. मी म्हटलं, "रिमोटवरचा मेनू दाब. पट्टीसमोर आकडा किती आहे?"

"नव्वद."

"मग छत्री बराबर आहे. तिले कोणाले हात लावू देऊ नको. चॅनलवाल्याचंच बंद असन. येईन आपोआप."

"नव्वद म्हणजे चांगले नं?"

"शाळेत मले कधी भेटले होते का इतके?"

ती हसली. कोणती पट्टी, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर ती दर फोनला म्हणायची, "सारं बराबर आहे, तू जेवत जा." टीव्हीचं मी काढलं नाही. अजून बंदच आहे असं ती म्हणाली तर, या धास्तीनंच बहुतेक.

दीड महिन्यानं बाबा गेले. उस्तादांनी स्वतः मला गाडीत बसवून दिलं.

तेरवी झाल्यावर मी टीव्ही लावून पाहिला. निळा. मेनू उघडला. वर नव्वद, खाली शून्य.

शेजारचे काका दारात बसले होते. म्हणाले, "माकडं उड्या मारतेत वरतं. मी म्हटलं होतं, सरकली असन, पाह्यतो. पण तुह्या बापानं हात लावू देला नाही. डावा हात असा आडवा करे."

"काहून?"

उत्तर मायनं दिलं. "पोरानं बराबर आहे म्हटलं, असं मी सांगतलं होतं त्याइले. मग कोणाचं ऐकतेत ते? रोज सकाळी मले खुणेनं टीव्ही लावाले लावत. निळ्याकडेच पाहत राहात."

मी शिडी लावून स्लॅबवर चढलो. छत्री चार बोटं फिरली होती. मी हळूहळू सरकवत गेलो, काका खालून गुणवत्तेचे आकडे सांगत गेले. शून्य. शून्य. बारा. अडुसष्ट. घरातून एका बाईचा बातम्या वाचतानाचा आवाज आला.

"पुरे बाबू," माय आतून म्हणाली. "बंद कर आता."

मी नट आवळले, हलवून पाहिले, पुन्हा आवळले. मग खाली उतरून टीव्ही बंद केला.