हळदीच्या कॅसेटवरची होडी

माझा पहिला कॉम्प्युटर प्रोग्रॅम शंभर माणसांनी एकदम ऐकला आणि शंभरही पळाली.

बाबा अणुवीज प्रकल्पात नोकरीला, घर जवळच्याच दांडी गावात. बाबांच्या साहेबांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला. तो टीव्हीला जोडायचा आणि केलेलं काम साठवायचं कुठे? तर साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर, कर्कश आवाजाच्या रूपात! सोबत एक मासिक होतं. त्यात होडीच्या खेळाचा अख्खा प्रोग्रॅम छापलेला. वरून मासे पडतात, आपण होडीत झेलायचे.

"मासं आभालातून पडतान?" आत्यानं कपाळावर हात मारला. "कोन गो हा शाना?"

शिकवायला कुणीच नव्हतं. मी एकेक ओळ वाचायची, एखादा आकडा बदलायची आणि काय बिघडतं ते बघायची. होडीचा वेग वाढवला, तर होडी टीव्हीबाहेर! चार दिवस डोकं फोडलं तेव्हा कुठे आत्याच्या मनासारखे मासे खालून वर यायला लागले. मी आनंदानं वेडी झाले आणि हाताला लागली त्या कॅसेटवर खेळ साठवला.

तिच्यात आत्याची गाणी होती. दुसऱ्या दिवशी ताईची हळद! आमच्यात गाण्यांशिवाय हळद लागत नाही, आणि गाणी म्हणायची ती आत्यानंच. तिचा घसा बसत चालला होता, म्हणून बाबांनी ती आधीच भरून ठेवली होती. (कॅसेटवर नाव घालायचं मात्र राहिलं.)

ताई पाटावर बसली. बाबांनी ऐटीत कॅसेट लावली. कर्ण्यातून निघालं, "टींऽऽऽ किर्रर्रर्र!"

"भोंगा! प्रकल्पाचा भोंगा!" काका ओरडले.

भोंगा झाला की घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, नाकाला ओलं फडकं धरा, याची तालीम गावानं कितीदा केलेली! मिनिटात सगळं वऱ्हाड आमच्या दोन खोल्यांत. घाईत फडकी बुडवली ती हळदीच्या पातेल्यात. सगळी नाकं पिवळी, आणि जिची हळद ती एकटी बाहेर कोरडी!

"अरे, मला पण घ्या ना आत!" ताई दार बडवत होती.

"थांबा!" मी रडतच ओरडले. "भोंगा नाय, तो माझा खेळ हाय!"

"आनी माझी गानी?" आत्यानं बसक्या आवाजात विचारलं.

"पुसली."

"मग आता मला हळद कशी लागायची?" दाराबाहेर ताईनं भोकाडच पसरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्यानं दार उघडलं, ताईला पुन्हा पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पहिली ओळ ती आईच्या कानात कुजबुजली, आईनं ती मोठ्यानं म्हटली आणि बायांनी उचलून धरली. अशी ओळीमागून ओळ करत ताईला हळद लागली. तेव्हा आत्याच्या गळ्यात पडून मी जेवढी रडले, तेवढी ताई पाठवणीलाही रडली नाही.

पुढे मला बोईसरला कॉम्प्युटरवरच नोकरी लागली. आत्यानं गावभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात बजावलं, "पोर लय हुशार हाय. पन लगीन असंल तर कॅसेटी लपवा!"