म्हैस सोडून आफ्रिकेला

आफ्रिकेच्या जंगलात का जावं, याची कारणं मला जळगावच्या एका मंगल कार्यालयात, पडद्यावर चित्रं दाखवून समजावण्यात आली. सहल नेणारा माणूस हुशार होता. त्यानं आधी कचोरी दिली, मग कारणं. तिथल्या राखीव रानात गाड्या मोजक्याच सोडतात, म्हणून एका सिंहाभोवती वरात जमत नाही. जमीन तिथल्या गुराखी लोकांचीच असते, तिचं भाडं त्यांना मिळतं, म्हणजे आपण मजा करायची आणि पुण्य आपोआप जमा. शिवाय निसर्गाच्या सान्निध्यात माणूस म्हणे स्वतःला भेटतो. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "तिथे जैन जेवण मिळेल ना?" मिळेल म्हटल्यावर त्या लगेच स्वतःला भेटायला तयार झाल्या.

आमच्या ह्यांनी गुडघे पुढे करून अंग काढून घेतलं. टीव्हीवरचा सिंह चहा पिता पिता बघता येतो आणि तो आपल्याकडे बघत नाही, हे त्यांचं खरं कारण. मला जोडीला कुणीतरी हवं होतं. मी धुळ्याकडच्या आमच्या गावी थोरल्या जावेला फोन लावला. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मला वाटलं होतं, ती हसेल आणि भरताची वांगी पाठवते म्हणून फोन ठेवेल. ती म्हणाली, "चाल, जाऊत."

पासपोर्ट तिच्याकडे होता. मुलगा मस्कतला नोकरीला होता तेव्हा काढलेला, अजून कोराच. तेव्हा ती गेली नव्हती, कारण गोठ्यातली म्हैस.

ही म्हैस अक्काखेरीज कुणाच्याही हाताला पान्हा सोडत नाही. दुसरं कुणी धारेला बसलं की दूध वर ओढून धरते आणि शेपटीनं थोबाडीत देते. घरात तिच्या या गुणाचं भारी कौतुक. "अक्कावर किती जीव आहे हो तिचा!" या जिवापायी अक्का सख्ख्या भाचीच्या लग्नात हळद लागल्या लागल्या घरी परतली होती. कौतुक करणाऱ्यांना दोन्ही वेळचा चहा आयता मिळत होता, तेव्हा कौतुकाला काय जातंय!

अक्का आफ्रिकेला निघाली म्हटल्यावर गावच्या घरात बैठक बसली. मीही जळगावहून गेले. ती तापानं फणफणली होती तेव्हा न फिरकलेले चुलत दीरही हजर. प्रत्येकाला तिच्या तब्येतीची एकदम काळजी वाटू लागली होती. विमानात कान दुखतात. डास चावतात. या वयात दगदग बरी नाही. पहाटे उठून शेण काढण्यात दगदग नसते, ती फक्त विमानात असते. शेवटी तिचे यजमान, म्हणजे आमचे नाना, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जनावरं पाहाले आफ्रिका कसाले? गोठामां काय कमी शेतस?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण अक्काचा चेहरा पाहिला आणि मला राग आला. ती हसत नव्हती. ती उठली, आत गेली आणि स्वतःचं अंगावरचं, न धुतलेलं हिरवं लुगडं आणून तिनं नानांच्या मांडीवर ठेवलं.

खेड्यात हा जुना उपाय आहे. म्हैस ज्या बाईच्या हातची, तिचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसायचं. वासानं जनावर फसतं. पण हा उपाय बाई बाळंत असली किंवा मयताला गेली तरच करायचा, ती सिंह बघायला गेली म्हणून नव्हे, असं सगळ्यांचं मत पडलं. अक्का म्हणाली, "मी जासू. तुम्ही नेसा."

मग तालीम सुरू झाली. गावकीत ज्यांच्या शब्दावर भांडणं मिटतात ते नाना रोज संध्याकाळी हिरवं लुगडं गुंडाळून गोठ्यात शिरू लागले. पदराखाली मिशी लपता लपेना. त्या आठवड्यात आळीतल्या सगळ्या घरांतलं विरजण एकाच वेळी संपलं आणि बायका वाट्या घेऊन नेमक्या धारेच्या वेळेला येऊ लागल्या. म्हशीनं नानांना दोनदा लाथाडलं, पण अखेर बादलीच्या तळाशी थोडी धार वाजली. अक्कानं बॅग भरली.

आम्ही जळगावकर मंडळींनी मात्र बॅगा भरताना अक्कल पाजळली. ऊन म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवावं? वैशाखात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही. आफ्रिका म्हणजे त्याहून चार पावलं पुढे, असा हिशेब करून सगळ्यांनी मलमलचे सदरे, सुती साड्या आणि कांदे घेतले. कांदे ऊन लागू नये म्हणून. सहलवाल्यानं स्वेटर घ्या म्हणून बजावलं होतं, पण तो पुण्याचा. त्याला उन्हातलं काय कळणार! ती जागा निघाली उंच पठारावर. पहाटे उघड्या गाडीत बसलो तेव्हा आमचे दात असे वाजत होते की हरणं बिचकून पाहू लागली. कांदे कुणी बाहेर काढले नाहीत. स्वेटर एकट्या अक्कानं आणला होता. "सांगेल होतं ना त्यानी," ती म्हणाली.

सिंह दिसला. तो झोपलेला होता आणि झोपलेलाच राहिला. मंडळींनी त्याचे इतके फोटो काढले की त्याच्या घरच्यांकडेही तेवढे नसतील. मग आम्हाला गुराख्यांच्या वस्तीवर नेलं. काट्यांच्या कुंपणात गाई, वासरं, शेणाचा ओळखीचा वास. एक बाई धार काढत होती. पाहुण्यांनीही काढून बघावी, असा तिथला कार्यक्रम होता. आयुष्यात पिशवीच्या दुधापलीकडे न गेलेल्या आमच्या बायकांनी रांग लावली आणि किंचाळत फोटो काढून घेतले. सगळ्यांनी अक्काला पुढे ढकललं. "अहो, तुमचंच तर हे काम!" अक्का वळली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. मंडळी म्हणाली, बाई जरा तुसडीच आहे.

परतीच्या आदल्या दुपारी हत्ती भेटले. मोठा कळप, त्यात एक पिल्लू आईच्या पायांतून चालणारं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गवत उपटण्याचा आवाज तेवढा येत होता. आमची मंडळीसुद्धा गप्प झाली, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओवर हिरव्या पदरातून नानांची मिशी, मागे म्हैस.

"हिनी कालपासून दूध चढाई लिधं," नाना कावले होते. "अक्काले सांग, हिले एक आवाज दे. आवाज आयकीसन सोडी ती."

गाडीत खसखस पिकली. मी फोन अक्कापुढे धरला. तिनं म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं कान टवकारले होते. एक हाक मारली असती तर काम झालं असतं, आणि अक्काला ती हाक मारायला काही लागत नव्हतं. मला वाटलं, मारेल. तिनं इतकी वर्षं मारलीच होती.

तिनं फोन हातानं हळूच बाजूला सारला, कारण मागचा हत्ती दिसत नव्हता.

"आठे इतलं जनावर शे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नि एकनंबी मले काही करनं पडत नही. चारा नही, पानी नही, शेन नही. नुसतं पाहानं. मी त्याकरताच इतलं दूर उनू."

मंगल कार्यालयातल्या पडद्यावर हे कारण नव्हतं. मला नानांकडे बघवेना.

"काय म्हनस ती?" फोनमधून नाना विचारत होते. "आवाज देस का नही?"

"नाना," मी म्हटलं, "अक्का सुट्टीवर आहे." आणि फोन बंद केला.